चित्रफितींचे संकलन : वही आणि वखार

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत चित्रफितींच्या संकलनाचा विषय कशाला, असे कित्येक सभासद बंधूंस वाटण्याचा संभव आहे. बाजारभाव, करांचे नियम, मालाची ने-आण हे आपले नित्याचे विषय होत. तथापि सांप्रत घरोघर फोनवर चित्रण होऊ लागले आहे. दुकानाची जाहिरात, मुलामुलींचे विवाह, वडीलधाऱ्यांचा अमृतमहोत्सव, मंडळाचा वार्षिक मेळावा, हे सर्व चित्रबद्ध होते. आणि ते कापून, जुळवून पाहण्याजोगे करण्याचे कामही पुष्कळदा बाहेरच्या कारागिराकडे न जाता घरातीलच एखादा मुलगा, मुलगी वा सून संगणकावर करीत असते. या कामात जे अडथळे येतात त्यांपैकी बरेचसे एकाच गैरसमजुतीतून उद्भवतात. आणि ती गैरसमजूत व्यापाऱ्याच्या घरातील माणसाने ओळखावी तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच ओळखावी. आम्हांस मात्र ती वेळेवर ओळखता आली नाही. त्याची हकीगत प्रथम सांगतो.

जुन्या पिढीच्या आठवणी चित्रबद्ध करून ठेवाव्यात, असे आमच्या लहानशा समितीने योजिले होते. बेळगावच्या रविवार पेठेत आयुष्यभर अडतीचा व्यवहार केलेले एक वयोवृद्ध गृहस्थ होते. सारी पेठ त्यांस आप्पा म्हणे. त्यांच्यासमोर आम्ही कॅमेरा मांडला आणि आप्पा चाळीस मिनिटे बोलले. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव कसा ठरे, तोंडी शब्दावर माल कसा सुटे, वायदा मोडणाऱ्यास पेठ कशी वागवी, हे सारे त्यांनी अगदी काल घडल्यासारखे सांगितले. त्याच रात्री आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने कॅमेऱ्यातील कार्ड संगणकास लावले, संकलनाचे सॉफ्टवेअर उघडून त्यात फिती आणल्या, त्या टाइमलाइनवर मांडल्या आणि नको ते भाग कापलेही. सर्व काही डोळ्यांसमोर दिसत होते. काम झाले असे समजून त्याने कार्ड पुसले व दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर संपूर्ण मेळाव्याचे चित्रण केले.

तिसऱ्या दिवशी काम पुन्हा उघडले तेव्हा पडद्यावर आप्पांच्या जागी लाल पाटी होती. फितीचे नाव होते, तिची लांबी होती, कोठे कापले त्याच्या खुणा होत्या. चित्र आणि आवाज मात्र नव्हते. आम्ही ओशाळून आप्पांकडे गेलो आणि झालेला प्रकार सांगितला. ते रागावले नाहीत. त्या मुलाकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "पोती मोजून घेतली होतीस का रे, बाळ?" पुन्हा बसून बोलू, असेही ते म्हणाले, पण त्यांची प्रकृती ढासळली आणि दोन महिन्यांत ते निवर्तले.

वही वेगळी, वखार वेगळी

आप्पांच्या प्रश्नात या सर्व शास्त्राचे मर्म आहे. ॲडोबी प्रीमियर घ्या, डाव्हिंची रिझॉल्व्ह घ्या, अथवा केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांसारखी विनामूल्य मिळणारी सॉफ्टवेअरे घ्या. यांतील प्रोजेक्ट ही वस्तुतः एक वही असते. अमुक नावाची फीत अमुक ठिकाणी आहे, तिच्यातील तिसऱ्या मिनिटापासून पाचव्या मिनिटापर्यंतचा भाग येथे घ्यावा, त्याचा आवाज थोडा वाढवावा, एवढ्याच नोंदी तीत असतात. माल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र व ध्वनी, हा डिस्कवर किंवा कार्डावर जेथे मुळात होता तेथेच राहतो. "इम्पोर्ट" या शब्दाने माल आपल्या वखारीत आला असे वाटते; पण कार्डावरूनच इम्पोर्ट केले असेल, तर पुष्कळ वेळा केवळ वहीत नोंद झालेली असते.

याची खूण वजनावरूनही पटते. फोनवर ४के चित्रण सेकंदास ५० मेगाबिट या दराने होत असेल, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदास सव्वासहा मेगाबाइट आणि तासास सुमारे साडेबावीस गिगाबाइट माल होतो. त्याच तासाभराच्या कामाची प्रोजेक्ट फाइल मात्र बहुधा थोड्याशाच मेगाबाइटांची असते. एवढ्याशा वहीत एवढी पोती मावणे शक्य नाही, हे उघड आहे.

ही रचना कोणाच्या चुकीने झालेली नाही. ती हेतुपूर्वक केलेली आहे. फिल्मच्या काळीही मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेत जपून ठेवीत, संकलक तिच्या प्रतीवर कात्री चालवी, आणि अखेरीस फिल्मच्या कडेवरील आकड्यांवरून निगेटिव्ह जुळवीत असत. ॲव्हिड कंपनीचे मीडिया कंपोझर १९८९ साली आले, प्रीमियर १९९१ साली आले, आणि ही सर्व पद्धत संगणकाच्या पडद्यावर आली. कात्री वहीतच चालते, मालास लागत नाही. म्हणून दहा वेळा कापून दहा वेळा पूर्ववत करता येते. हा मोठा लाभ आहे. मात्र त्याच्याबरोबर वखार सांभाळण्याची जबाबदारी आपल्याकडे येते.

प्रारंभीची व्यवस्था

यास्तव सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच पुढील व्यवस्था करावी. प्रत्येक कामासाठी एकच फोल्डर करावे, आणि त्यात चित्रे, ध्वनी, संगीत, शीर्षके, प्रोजेक्ट व तयार फीत अशी उपफोल्डरे ठेवावीत. कार्डावरील माल संगणकाच्या साध्या कॉपीच्या क्रियेने या फोल्डरात उतरवावा. नंतर फायलींची संख्या व एकूण वजन दोन्हीकडे सारखे आहे की नाही ते ताडून पाहावे. प्रत्येक लांब फीत आरंभी, मध्ये व शेवटी चालवून पाहावी. मग दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करावी; आणि काम महत्त्वाचे असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी अथवा दुकानी ठेवावी. एकाच कपाटातील दोन डिस्क आग, पाणी वा चोरी यांपासून एकमेकींचे रक्षण करू शकत नाहीत. इम्पोर्ट करावयाचे ते या फोल्डरातून. कार्डावरून कधीही नाही.

कार्ड पुसण्याबाबत आमच्या समितीने आता एक नियम केला आहे. ज्याने चित्रण केले त्याने कार्ड पुसावयाचे नाही. दुसऱ्याने प्रती मोजून कागदावर सही केल्यावरच ते पुसावयाचे. गाडीवरून माल उतरवून घेणारा एक आणि पावती करणारा दुसरा, ही आपल्या पेढ्यांवरील जुनीच रीत होय.

कार्ड चुकून पुसले गेलेच, तर तत्क्षणी ते कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवावे. साध्या पुसण्याने पुष्कळदा केवळ अनुक्रमणिका नाहीशी होते. माल जागेवर असतो. फोटोरेकसारख्या विनामूल्य साधनाने तो अनेकदा परत मिळतो. परंतु त्याच कार्डावर नवे चित्रण केले की जुन्या मालाच्या जागी नवा माल रचला जातो आणि मग काही उपाय उरत नाही. आमच्या बाबतीत पुसण्याने झाले नसते ते नुकसान दुसऱ्या दिवसाच्या चित्रणाने झाले.

लाल पाटी दिसल्यास

"मीडिया ऑफलाइन" अशी पाटी दिसली म्हणजे माल नाहीसाच झाला असे मात्र समजू नये. बहुतेक वेळा माल शाबूत असतो. वहीतला पत्ता तेवढा चुकलेला असतो. कोणी फोल्डरचे नाव बदलले, फाइल दुसरीकडे हलविली, अथवा बाहेरची डिस्क काल ई या अक्षराने उघडली होती ती विंडोजने आज एफ या अक्षराने उघडली, एवढ्यानेही पाटी लाल होते.

अशा वेळी घाईने त्या फिती टाइमलाइनवरून काढून टाकू नयेत, कारण त्यांच्याबरोबर आपण केलेल्या कापाच्या नोंदीही जातील. डिस्क जोडलेली आहे ना ते पाहावे. मग फाइलच्या नावाने सर्व डिस्कांवर शोध घ्यावा. फाइल सापडली की सॉफ्टवेअरला नवा पत्ता द्यावा. प्रीमियरमध्ये या आज्ञेस "लिंक मीडिया" म्हणतात, रिझॉल्व्हमध्ये "रिलिंक"; केडेनलाइव्ह तर काम उघडतानाच हरवलेल्या फायलींची यादी दाखवून शोध घेऊ देते. एका फाइलीचा पत्ता दिला की त्याच फोल्डरातील बाकीच्या पुष्कळदा आपोआप जुळतात. म्हणूनच काम चालू असताना फायलींची नावे बदलू नयेत. बदलावयाची असल्यास इम्पोर्ट करण्यापूर्वीच बदलावीत.

चित्र अडखळत चालल्यास

फोनवर सुरळीत चालणारी फीत संकलनात अडखळते, तेव्हा संगणक जुना झाला, नवा घ्यावा, असा सल्ला लगेच मिळतो. खर्च करण्यापूर्वी कारण समजून घ्यावे. एच.२६४ व एच.२६५ या पद्धतींत जागा वाचविण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते व मधल्या चित्रांत बहुधा काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. ज्या वहीत महिन्याच्या आरंभीची शिल्लक मांडली आहे आणि पुढे केवळ जमा-नावे लिहिले आहेत, तीत सतरा तारखेची शिल्लक पाहावयाची तर पहिल्यापासून बेरीज-वजाबाकी करावी लागते. संगणकासही तसेच करावे लागते. फीत सरळ चालली तर ते जमते. आपण मागेपुढे उड्या मारू लागलो की त्याची धांदल उडते.

यावर स्वस्त उपाय वानगीचा आहे. धान्याचा सौदा करताना आपण सगळी पोती पेढीवर आणीत नाही. मूठभर वानगी पाहून बोलतो आणि माल वखारीतून जातो. सॉफ्टवेअरमध्ये याला प्रॉक्सी म्हणतात. मूळ फितीवरून लहान आकाराची, उलगडण्यास सोपी अशी प्रत तयार होते. संकलन त्या प्रतीवर होते, आणि शेवटी तयार होणारी फीत मूळ मालातून बनविता येते. वर सांगितलेल्या चारही सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. मात्र शेवटच्या वेळी प्रॉक्सी वापरण्याची खूण चालू राहिलेली नाही ना, ते पाहून घ्यावे. नाहीतर गिऱ्हाइकास वानगीच पाठविल्यासारखे होईल.

प्रॉक्सी न करताही थोडा आराम मिळतो. पाहण्याच्या खिडकीतील चित्राचा दर्जा अर्ध्यावर वा पावावर आणावा; तयार फितीवर त्याचा परिणाम होत नाही. चालू काम संथ फिरत्या डिस्कवर न ठेवता एसएसडीवर ठेवावे. डिस्क अगदी काठोकाठ भरू देऊ नये. सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठी कॅश नावाची कच्ची टिपणे साठवीत असते. ती वाढून डिस्क भरते. ती सॉफ्टवेअरच्या आतील आज्ञेनेच पुसावीत. त्यांनी मूळ मालास धोका नसतो, आणि लागतील तशी ती पुन्हा तयार होतात.

ओठ आणि आवाज जुळेनासे झाल्यास

भाषणाच्या आरंभी ओठ व शब्द जुळतात आणि अर्ध्या तासानंतर शब्द मागे पडू लागतात, ही तक्रार फोनवरील चित्रणात फार आढळते. फोन पुष्कळदा प्रकाश व स्वतःवरील भार पाहून चित्रांची गती कमीजास्त करतो. सेकंदास ३० चित्रे असे म्हटले तरी कधी २९, कधी ३० पडतात. काही सॉफ्टवेअरे सर्व चित्रे समान अंतराची धरून चालतात. मग ध्वनी आपल्या वेळेने जातो आणि चित्र आपल्या. नुसता ३० व २९.९७ यांचा फरक झाला तरी एका तासाच्या १,०८,००० चित्रांस ३,६०० ऐवजी ३,६०३.६ सेकंद लागतात. साडेतीन सेकंदांच्या या तफावतीने वक्ता मुका होऊन त्याचा शब्द पुढल्या माणसाच्या तोंडी जातो.

उपाय असा की संकलनास आरंभ करण्यापूर्वी अशा फिती हँडब्रेक या विनामूल्य साधनात घालून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" ही खूण करून पुन्हा तयार कराव्यात, आणि मग त्याच इम्पोर्ट कराव्यात. मूळ फिती अर्थातच जपून ठेवाव्यात. प्रोजेक्टची गतीही प्रथमच ठरवावी. आपल्याकडे दूरदर्शनची परंपरा सेकंदास २५ चित्रांची व विजेची गती ५० हर्ट्झ आहे. ट्यूबलाइटखाली चित्रण करताना शटर पन्नासांश वा शतांश सेकंद ठेवल्यास चित्रातील लुकलुक टळते. परंतु फोनने ३० ने चित्रण केले असेल तर प्रोजेक्टही ३० चाच करावा. रिझॉल्व्हमध्ये एकदा टाइमलाइन मांडली की तिची गती मागाहून बदलता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल तर चित्रणाच्या आरंभी व शेवटीही कॅमेऱ्यासमोर एकदा स्वच्छ टाळी वाजवावी. पहिल्या टाळीवर दोन्ही जुळवावेत आणि शेवटच्या टाळीशी किती फरक पडतो ते पाहावे. तेवढ्या अंशाने आवाजाची लांबी कमीजास्त केली की काम होते. ध्वनी ४८,००० नमुन्यांच्या दराने घ्यावा. चित्रफितींच्या कामात हाच दर रूढ आहे.

मराठी अक्षरे फुटल्यास

पाहुण्यांची नावे पडद्यावर आली आणि "निमंत्रित" या शब्दातील पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, रफार सुटला, जोडाक्षराखाली पायमोडके चिन्ह उघडे पडले, असे दृश्य कित्येकांनी पाहिले असेल. येथे दोष दोन ठिकाणी असू शकतो. पहिला, टंकाचा. कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने टंक युनिकोड पद्धतीचे नाहीत. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर त्यांत बसत नाही. नोटो, मुक्त हे युनिकोड टंक विनामूल्य मिळतात, ते वापरावेत. दुसरा दोष सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स या सदराखाली मजकुराचे इंजिन निवडावे लागते. तेथे "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" हा पर्याय घ्यावा व शीर्षक नव्याने टाइप करावे.

एवढे करूनही अक्षरे जुळली नाहीत तर वाद घालीत बसू नये. इंकस्केपसारख्या चित्र काढण्याच्या साधनात १९२० गुणिले १०८० आकाराचे शीर्षक तयार करावे, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून ते पीएनजी चित्र म्हणून साठवावे आणि फितीवर ठेवावे. ही युक्ती सर्वत्र चालते. नावे मात्र दोघांनी वाचून तपासावीत. घरच्या कार्यात व्याह्यांचे नाव अशुद्ध छापले गेले, तर ते सॉफ्टवेअरने केले असे कोणी मानीत नाही.

तयार फीत बाहेर काढताना

सर्व जुळले, आणि शेवटी फीत तयार करताना यंत्र मध्येच थांबले, हा अनुभव फार त्रासाचा. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असतो आणि रात्रीचे बारा वाजलेले असतात. येथे क्रमाने पाहावे.

प्रथम जागा. सेकंदास १० मेगाबिट या दराने १०८० च्या आकाराची एच.२६४ फीत तासास सुमारे साडेचार गिगाबाइट होते. डिस्कवर याहून बरीच अधिक जागा मोकळी हवी.

दुसरे, पेनड्राइव्ह. तो फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी एक फाइल राहूच शकत नाही. पेनड्राइव्ह ६४ गिगाबाइटांचा असला तरी साडेचार गिगाबाइटांची फीत तेथे अडकते, आणि दोष उगाच सॉफ्टवेअरवर येतो. फीत नेहमी संगणकाच्या डिस्कवरच तयार करावी व मागाहून उतरवावी. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास अडचण दूर होते, मात्र त्याने त्यावरील सर्व मजकूर जातो, तो आधी काढून ठेवावा. सभागृहातील जुना टीव्ही एक्सफॅट वाचीत नसेल तर दर ८ मेगाबिटांवर आणावा. मग तासाभराची फीत सुमारे ३.६ गिगाबाइटांची होऊन फॅट३२ मध्ये बसते.

तिसरे, एखादी सदोष फीत किंवा न पेलणारा इफेक्ट. यंत्र दर वेळी त्याच ठिकाणी थांबते का, ते पाहावे. ठिकाण कळत नसेल तर आधी पहिला अर्धा भाग तयार करून पाहावा. तो निघाला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचेही दोन भाग करावेत. तेरीज जुळत नसली की आपले जुने दिवाणजी सारी वही पुन्हा न लिहिता पाने विभागून चूक शोधीत. तीच ही रीत. चार-पाच वेळा असे केले की सदोष तुकडा हाती लागतो. तो हँडब्रेकमधून पुन्हा तयार करून त्या जागी बसवावा, अथवा त्याच्यावरील इफेक्ट काढून पाहावा.

तयार झालेली फीत आरंभापासून शेवटपर्यंत एकदा पाहिल्याशिवाय कोणाकडेही धाडू नये. नातलगांस व्हॉट्सॲपवर पाठवावयाची तर व्हिडिओ म्हणून न पाठविता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठविल्यास ती दाबून लहान केली जाते व पुसट होते. नातलगांकडून फिती मागवितानाही हीच सूचना द्यावी.

वहीचीही प्रत हवी

वखारीची एवढी चर्चा केली म्हणून वहीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. माल शाबूत असून वही गेली तर पंधरा दिवसांची मेहनत जाते. आपोआप साठविण्याची सोय चालू ठेवावी. शिवाय रोज काम थांबविताना तारीख घालून नव्या नावाने एक प्रत साठवावी. चुकून काही बिघडले तर कालच्या वहीवर जाता येते.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानी धरावी. त्याचे प्रोजेक्ट सहसा कामाच्या फोल्डरात साध्या फाइलीप्रमाणे दिसत नाहीत. ते त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतात. चित्रांचे फोल्डर जपले आणि संगणक दुरुस्तीसाठी फॉरमॅट केला, तर वही नाहीशी होते. म्हणून "एक्स्पोर्ट प्रोजेक्ट" या आज्ञेने तिची प्रत वेळोवेळी कामाच्या फोल्डरात काढून ठेवावी. त्याचप्रमाणे काम अर्ध्यावर असताना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेऊ नये. नव्या आवृत्तीत उघडून साठविलेले काम जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी जुनी आवृत्ती असल्यास दोघांचेही काम अडते.

समारोप

या लेखात सांगितलेल्यापैकी बरेचसे आम्ही आप्पांच्या प्रसंगानंतर शिकलो. त्यांच्या चाळीस मिनिटांतले आज काय उरले, ते सांगून लेख पुरा करतो. आम्ही कॅमेरा मांडीत असताना त्यांच्या नातीने सहज आपल्या फोनवर दीड मिनिटाची एक फीत घेतली होती. तीत आप्पा गादीवर बसून आम्हा सर्वांस चहा घेतला का म्हणून विचारीत आहेत, आणि मग दिव्याच्या उजेडाकडे पाहून, "एवढा प्रकाश माझ्यावर पाडून काय दिसणार आहे?" असे हसत म्हणत आहेत. ती फीत प्रथम आमच्याकडे व्हॉट्सॲपवरून आली तेव्हा त्यांचा चेहराही ओळखू येत नव्हता. मूळ फीत तिच्या फोनमध्ये होती, ती मागवून घेतली. तिच्या आता तीन प्रती आहेत, आणि त्या तीन घरी आहेत.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात वा शेजारी असे एखादे आप्पा, एखाद्या आक्का असतील. येत्या सणासुदीत त्यांच्यापाशी बसावे, त्यांस बोलते करावे, त्यांचे शब्द चित्रबद्ध करावेत. आणि त्याच रात्री, निजण्यापूर्वी, पोती मोजून घ्यावीत, एवढी आमची सर्व सभासद बंधु-भगिनींस आग्रहाची विनंती आहे.